थकबाकी

मी दारू पीत नाही. हे वाक्य मी आजवर तीन वेळा लेखी दिले आहे : एकदा लग्नाआधी सासरेबुवांना, एकदा आयुर्विम्याच्या अर्जावर, आणि तिसऱ्यांदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना. पहिल्या दोन वेळी कुणी शंका घेतली नाही. तिसऱ्या वेळी पुरावा माझ्याविरुद्ध होता. गेल्या वर्षी ऑक्टोबरात रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला मी बी विंगमधल्या एका बंद घराचे कुलूप उघडून आत जात असे, आणि खालच्या कपाटातून व्होडकाची बाटली बाहेर काढत असे. उकाड्यामुळे एके दिवशी दार उघडे राहिले, आणि समोरच्या आजींनी मला बाटली उजेडाकडे धरून एका डोळ्याने न्याहाळताना पाहिले. पुढचे सगळे रीतसर झाले.

"माशांसाठी आहे हो ती," मी सेक्रेटरींना सांगितले.

"अस्सं," ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली. एरवी ते खुर्ची देत नाहीत.

पण ती खरोखरच माशांसाठी होती. घर माझ्या भाच्याचे, मंदारचे. मंदार कॉम्प्युटरवाला आहे. कंपनीने त्याला चोवीस दिवस जर्मनीला पाठवले, सूनबाई त्या काळात माहेरी नाशिकला गेल्या, आणि घरातला समुद्र माझ्यावर सोपवला गेला. समुद्र म्हणजे दोनशे लिटरची काचेची पेटी. आपण ज्याला फिशटँक म्हणतो ते हे प्रकरण नव्हे. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय पाहून आल्यावर मी वडिलांकडे हट्ट धरून एक काचेचे भांडे आणि दोन गोल्डफिश मिळवले होते. त्या गोल्डफिशना मी घरातल्या मांजराइतकेही मानत नव्हतो. कुणी चपातीचा तुकडा टाकायचे, कुणी मुरमुरे. मंदारच्या पेटीत मात्र सगळे मोजून होते. पाणी खारे, तेही बाजारच्या मिठाचे नव्हे. लिटरला पस्तीस ग्रॅम क्षार, तापमान सव्वीस अंश. त्यात खडक, खडकांवर छत्र्यांसारखे, बटणांसारखे मऊ प्रवाळ, दोन कोळंब्या, चार गोगलगायी, एक निळा, एक वाळू उपसत बसणारा, आणि दोन क्लाउनफिश. मोठीचे नाव आमच्या चिरंजीवांनी अक्का ठेवले होते, आणि तिच्या मागे मागे फिरणाऱ्या लहानग्याचे बंडू.

दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ मंदारकडे नव्हते. ते का नाहीत म्हणून मी विचारले, तेव्हा त्याने मला कायदा सांगितला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे, तिथेच २००१पासून हे कठीण प्रवाळही आहेत. मला हे ऐकून बरे वाटले. वाघाच्या मानाने कमी खाणारे कुणीतरी त्या यादीत आहे, एवढ्यासाठी.

जाण्यापूर्वी मंदारने मला एक कागद दिला आणि त्यातले शब्द समजावले. पहिल्या दिवशी मला वाटले, हा मासे पाळतो की केमिस्टचे दुकान चालवतो? रात्री एक लिटर चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायची. होय, आपला पानाचाच चुना, पण शुद्ध. पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे स्वच्छ पाणी तेवढे घ्यायचे. मी म्हटले, "रात्रीच का? मासे जेवल्यावर पान खातात का?" मंदार हसला नाही. माशांचा विषय निघाला की तो हसत नाही. दिवसा दिव्याच्या उजेडात प्रवाळांच्या अंगातली सूक्ष्म वनस्पती आणि काचेवरचे शेवाळ ऑक्सिजन बनवतात. दिवे मालवले की ते उत्पादन बंद, पण श्वास सगळ्यांचाच चालू. मासे, प्रवाळ, गोगलगायी, शेवाळ, खडकातले जीवाणू, सगळे त्याच खात्यातून काढत राहतात. रात्रभर शिल्लक उतरत जाते, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकते, आणि सगळ्यांत कमी शिल्लक असते ती पहाटे, दिवे लागण्याच्या जरा आधी. निवळी तो कार्बन डायऑक्साइड टिपते, म्हणून ती रात्री. आणि थेंब थेंब का? तर एकदम ओतली तर तीच निवळी माशांची कातडी सोलून काढेल.

"मामा," तो म्हणाला, "या पेटीत एकच नियम आहे. चांगली गोष्टसुद्धा एकदम करायची नाही."

आणि मग व्होडका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात नायट्रेट साचते. ते खाणारे जीवाणू असतात, पण त्यांना नायट्रेटच्या जोडीला कार्बनही लागतो, आणि तो स्वस्तात आणि शुद्ध मिळतो अल्कोहोलमध्ये. म्हणून रोज दीड मिलिलिटर व्होडका. जीवाणू ती पितात, फुगतात, नायट्रेट संपवतात, आणि मग फेस काढणारे एक यंत्र त्यांनाच गोळा करून बाहेर टाकते. म्हणजे आधी पाजायची, काम करून घ्यायचे, आणि मग हाकलून द्यायचे. निवडणुकीच्या दिवसांत ही पद्धत मी वस्तीपातळीवर पाहिली होती. पेटीत पहिल्यांदाच पाहिली.

आता गोष्ट अशी झाली. पहिले नऊ दिवस मी सुईवाचून असलेल्या सिरिंजने रोज दीड मिलिलिटर इतके बिनचूक मोजले, की बँकेत मी इतका बिनचूक असतो तर आज अधिकारी असतो. दहाव्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, कंबर मोडली. आम्ही दोघे तसेच निघालो. घरी राहिला तो आमचा अकरावीतला चिरंजीव. त्याला मी सगळे शिकवले : चिमूटभर खाणे, आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी, रात्रीची निवळी. एक तेवढे शिकवले नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली देऊन "बाळा, रोज संध्याकाळी दीड मिलिलिटर" असे सांगायला माझी जीभ रेटेना. बापाने मुलाला काय काय शिकवावे याची माझ्या मनात एक यादी आहे, आणि व्होडका मोजणे तिच्यात बसत नव्हते. चुना चालेल म्हटले, दारू नको. बाटली मी कपाटात कुलपाखाली ठेवली आणि किल्ली साताऱ्याला नेली.

सात दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परतलो. सासूबाईंचे ऑपरेशन नीट झाले होते. पेटीत सगळे खुशाल होते. अक्का काचेजवळ येऊन माझ्याकडे पाहत होती, म्हणजे मला तसे वाटले, आणि मला अपराधी वाटले. सात दिवस या बिचाऱ्यांचे औषध चुकले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला सात हप्ते चुकलेले दिसले की त्याच्या डोळ्यांपुढे एकच शब्द येतो. सात गुणिले दीड, साडेदहा. अधिक चालू तारखेचे दीड. एकूण बारा. मी बारा मिलिलिटर व्होडका मोजली आणि थकबाकीसह खाते नियमित केले. बाटली जागेवर ठेवताना मला फार समाधान वाटले, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

शनिवारी संध्याकाळी पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा धूसरपणा होता. मला वाटले काच पुसायची राहिली. मी काच पुसली.

त्या रात्री चारच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला आणि मला जाग आली. हे मला नक्की आठवते, कारण जागा झाल्याबरोबर माझ्या मनात पेटीच आली. कागदावर होते : वीज गेली तर कपाटातला बॅटरीवरचा हवेचा पंप लावायचा. मी म्हटले, पाच मिनिटांत येईल वीज. मग मी कूस बदलली. वीज चाळीस मिनिटांनी आली असावी. पंखा सुरू झाला तेव्हा मी अर्धवट झोपेत सुखावलो, तेही आठवते.

साडेसहाला गेलो. दार उघडले तर पाणी ताकासारखे. गोगलगायी पाण्याबाहेर निघू पाहत काचेच्या वरच्या काठाला चिकटलेल्या. निळा आणि वाळू उपसणारा दोघेही पृष्ठभागाला तोंड लावून भरभर श्वास घेत होते. बंडू एका कोपऱ्यात. अक्का वाळूवर आडवी.

जर्मनीत तेव्हा पहाटेचे तीन. मंदारला उठवायचे धाडस झाले नाही. मी पंप लावला आणि हिला फोन केला. ही आली, तिने एकदा पेटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "झाकण काढा आधी. आणि खिडक्या उघडा. माणसाचाच जीव गुदमरतोय इथे." मग स्वयंपाकघरातून दोन स्टीलचे तांबे आणले. "चहा आपटतात ना तसं करा." आम्ही दोघे पेटीच्या दोन बाजूंना उभे राहून तांब्या बुडवायचा, हातभर उंच धरायचा आणि ओतायचा, असे दोन तास केले. नंतर मंदारने मला सांगितले, की ते अगदी बरोबर होते. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. बुडबुडे शोभेला दिसतात, पण त्यांचेही मुख्य काम पृष्ठभाग ढवळणे हेच. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला हे शास्त्र शिकवावे लागले नाही. आठ-साडेआठला निळा खाली उतरला. अक्का उतरायची राहिली नव्हती. ती खालीच होती.

मंदारचा फोन दुपारी आला. मी म्हणालो, "अरे, रात्री वीज गेली होती. अक्का गेली."

वाचकहो, या दोन वाक्यांत एकही खोटा शब्द नाही. वीज गेली होती. अक्का गेली. फक्त पहिल्या वाक्यानंतर मी जो पूर्णविराम दिला, त्यात मी लपलो. महाभारतात अश्वत्थामा नावाचा हत्ती मेल्याचे सांगताना धर्मराजाने हेच केले होते, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे म्हणतात. माझी स्कूटर मुळातच जमिनीवर असल्यामुळे कुणाला काही कळले नाही.

"किती वेळ गेली होती?" मंदारने विचारले.

"चाळीसेक मिनिटं."

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, सॉरी. चूक माझी आहे. पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता. तुला उगाच रविवारी सकाळी त्रास."

मी म्हणालो, "छे छे, त्रास कसला!"

मी कागद पुन्हा वाचला तो त्या रात्री. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : मागे पाहा. मागे पाहिले. नववा मुद्दा असा : 'एखाद्या दिवशी डोस चुकला तर चुकू दे. भरून काढू नकोस.' ज्याने काउंटरवर बसून रोज पन्नास माणसांना "मागची बाजू वाचली का?" असे वसकन विचारावे, त्याच्या नशिबी हे असावे, यात काहीतरी योजना दिसते.

आता माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. तो मी प्रथम हिच्यापुढे ठेवला.

"सांगू नका," ही म्हणाली. मला आश्चर्य वाटले, कारण खरे बोलण्याच्या बाबतीत ही माझ्याहून कितीतरी कडक आहे. "सांगून अक्का परत येणार आहे का? तुम्हाला मन हलकं करायचंय. ते हलकं करून त्या पोराच्या डोक्यावर ठेवणार. तो काय तुम्हाला रागावू शकणार आहे? मामा आहात तुम्ही त्याचे. गिळून बसेल बिचारा."

मला हे पटले. फार पटले. इतके पटले, की मला त्याचाच संशय येऊ लागला. जो युक्तिवाद आपल्या सोयीचा असतो तो इतक्या चटकन पटतो, की तो तपासून घ्यावा असे मनात येते, आणि मन तपासायला तयार होत नाही. कबुली देणारा माणूस बऱ्याचदा स्वतःचीच सोय पाहतो, हे खरेच आहे. पण न देणाराही दुसऱ्या कुणाची पाहत नसतो.

दुसरे मत मी बँकेत आमच्या हेडकॅशियरांचे घेतले. नाव न सांगता, एक काल्पनिक उदाहरण म्हणून. ते पैसे मोजत होते. मोजणे न थांबवता म्हणाले, "फरक आला की फरक लिहायचा. लपवला की तो दुसऱ्या डोक्यात शोधावा लागतो." मग बंडलाला रबर लावून विचारले, "मासे कुणाचे होते?"

मधल्या काळात मी थोडे वाचलेही. म्हणजे माझ्यासारखे अपराधी आधी होऊन गेले का, हे पाहावे म्हणून. आहेत. फिलिप हेन्री गॉस नावाचा एक इंग्रज निसर्गअभ्यासक होता. त्याने १८५४ साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिले, आणि घराघरात समुद्राची पेटी ठेवण्याचे वेडच इंग्लंडात पसरले. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. पुढे त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्या किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी त्या हौसेपायी कशी उजाड झाली ते लिहिले, आणि त्याचे आपल्या बापाला किती वाईट वाटले तेही. त्या लोकांना समुद्र आवडत नव्हता असे कुणी म्हणणार नाही. आवडत होता म्हणूनच गेले. मलाही अक्काची कणव आली म्हणूनच मी बारा मिलिलिटर दिले. तुटपुंज्या कणवेचा माणूस असतो तर सात दिवस विसरून दीडच दिले असते, आणि ती आज असती. हा विचार मला मुळीच आवडला नाही, पण त्यातली चूकही मला सापडेना. की ती कणव नव्हतीच? सात दिवस कुलूप लावून गेल्याचे मनाला लागले होते, ते मिटवायचे होते, आणि माशांच्या पाण्यात मी माझेच खाते टॅली करत होतो? मला वाटते, हेच जास्त खरे असावे.

तरीही मी कदाचित सांगितले नसते. हिचा सल्ला पाळण्याची मला सवय आहे. पण गुरुवारी मंदार परतला, पेटीपाशी दहा मिनिटे उकिडवा बसला, आणि उठून म्हणाला, "मामा, मी इन्व्हर्टर घेतोय. मोठा. बावीस हजारांचा आहे. रविवारी माणूस येतोय बसवायला."

बावीस हजार! माझ्या एका पूर्णविरामाची किंमत. तोवर मी समजत होतो, की अर्धसत्याने फार तर ऐकणाऱ्याची समजूत चुकते. पण माणूस समजुतीवर थांबत नाही. तो त्या समजुतीवर पैसे खर्च करतो. आणि उद्या पुन्हा कुणी मायाळू नातेवाईक थकबाकी भरायला येईल, तेव्हा तो इन्व्हर्टर बापडा काय करणार?

सांगायचे ठरले. पण कसे? इथे मला मंदारचाच नियम आठवला : चांगली गोष्टसुद्धा एकदम करायची नाही. तेव्हा सत्य हप्त्याहप्त्याने, थेंब थेंब द्यावे असे मी ठरवले. गुरुवारी रात्रीच पहिला डोस दिला : "मी मध्ये आठवडाभर साताऱ्याला होतो, ठाऊक आहे ना तुला?"

"हो. आजी कशा आहेत आता?"

त्याने आजींची चौकशी केल्यामुळे त्या दिवशी पुढे सरकता आले नाही. शुक्रवारी दुसरा डोस : "त्या आठवड्यात व्होडका द्यायची राहिली हं."

"त्यानं काही होत नाही मामा," तो म्हणाला. "उलट चांगलंच. चुकली तर चुकू द्यायची. मी मागे लिहिलंच होतं."

हे अधिकच कठीण झाले. शनिवारी तो काच पुसत होता. उद्या इन्व्हर्टरवाला येणार. तिसरा डोस मोजायला सिरिंज उरलीच नव्हती. मी म्हणालो, "मंदार, मी ती मागची बाजू वाचली नाही. शुक्रवारी सात दिवसांची एकदम दिली. आणि शनिवारी रात्री वीज गेली तेव्हा मी जागा झालो होतो, पण उठलो नाही."

त्याचा हात काचेवर थांबला. त्याने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

"किती दिलीस?"

"बारा."

त्याने फडके ठेवले, मोबाईल काढला आणि हिशेब केला. तो हिशेब मी अजून जपून ठेवला आहे, कारण इतका सरळ हिशेब मी नोकरीतही फार पाहिलेला नाही. खाऱ्या पाण्यात गोड्याहून ऑक्सिजन कमी मावतो. सव्वीस अंशांना लिटरमागे साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम. दोनशे लिटरमध्ये मिळून सव्वा-दीड ग्रॅम. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जी हवा असते, तिच्यात एवढाच ऑक्सिजन असतो. त्यावर अख्खी पेटी जगते, पृष्ठभागातून भर पडत राहते म्हणून. बारा मिलिलिटर व्होडकात अल्कोहोल चार ग्रॅम. ते जीवाणूंनी पुरते जाळायचे म्हटले तर साडेआठ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पेटीत एका वेळी असतो त्याच्या सहापट.

"सगळं एकदम जळत नाही," मंदार म्हणाला, "पण..."

"पण पुरेसं जळलं."

"हं."

"आणि वीज?"

"वीज गेली नसती तर कदाचित वाचली असती. नुसती वीज गेली असती तर नक्की वाचली असती." त्याने फडके पुन्हा उचलले. "ती मोठी होती ना. मोठ्या माशाला जास्त लागतो."

एवढेच. तो रागावला नाही. ही म्हणाली होती तसेच झाले. त्याने ते गिळले. आठवडाभर तो माझ्याशी जरा जास्तच आदराने बोलला. एकदा तर मामा म्हणताना त्याच्या तोंडून चुकून 'तुम्ही' निघाले. आमच्या घराण्यात मामाला 'तुम्ही' म्हणत नाहीत. ते मला जेवढे लागले तेवढे दोन शिव्यांनी लागले नसते.

इन्व्हर्टर त्याने घेतलाच, पण लहान. सूनबाईंना पंख्यासाठी हवा होता. उरलेल्या पैशांतून त्याने एक डोसिंग पंप आणला. तो दिवसाचे चोवीस भाग करतो आणि तासातासाने कणभर औषध सोडतो. व्होडकाची सुरुवात पुन्हा अर्ध्या मिलिलिटरपासून केली. पंपाला सासर नाही, वयात आलेला मुलगा नाही आणि साताऱ्याहून फोन येत नाही. त्याचा एखादा डोस चुकला तर त्याला वाईट वाटत नाही. माझ्या जागी त्याची नेमणूक झाली, यात मला काही अन्याय दिसत नाही.

बंडूचे मात्र सांगायला हवे. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात. जोडीतली मोठी असते ती मादी, आणि ती गेली की मागे राहिलेला नर हळूहळू स्वतःच मादी होतो. आमच्या शाखेत मॅनेजर बदलून गेले की उपमॅनेजर दोन दिवसांत त्यांच्यासारखे खाकरू लागतात, ते मी पाहिले आहे. निसर्गातही तसेच आहे हे ठाऊक नव्हते. चार-पाच महिन्यांत बंडू अंगाने भरला. मंदारने एक लहानगा आणून सोडला. पहिल्या आठवड्यात बंडूने त्याला कोपऱ्यात कोंडले, मग जवळ येऊ दिले. चिरंजीव आता बंडूलाच अक्का म्हणतात. मी म्हणत नाही.

या मे महिन्यात मंदार आणि सूनबाई आठ दिवस कोकणात गेले. किल्ली कुणाला देतात, याकडे मी लक्ष ठेवून होतो, आणि ठेवत नसल्यासारखे दाखवत होतो. जाण्याच्या आदल्या रात्री मंदार आला आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. सोबत कागद. या वेळी त्यावर एकच ओळ होती : 'रोज संध्याकाळी सात वाजता दोन चिमटी खाणे.' मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच, मामा. बाकीचं पंप बघतो. तू फक्त खाऊ घाल."

पहिल्या दिवशी सातला गेलो. समोरच्या आजी दारातच होत्या. त्यांनी माझे हात रिकामे आहेत ना ते पाहून घेतले. पेटीपाशी स्टूल ओढून बसलो. पंप मधूनच गुरगुरत होता. बंडू वर आला, मागून तो लहानगा. एक चिमूट टाकली, ती संपली. दुसरी टाकली, तीही संपली. तरी दोघे तोंड वर करून तिथेच फिरत राहिले. डबा माझ्या हातात उघडा होता आणि त्यात खाणे भरपूर होते.

मी झाकण लावले, डबा फळीवर ठेवला आणि कुलूप घालून घरी आलो.

"इतक्यात झालं?" हिने विचारले.

"झालं," मी म्हणालो.